शून्य नंबरचा कोअर

उद्यमबागेत रात्री पावणेदहाला
फक्त आमच्या शेडची ट्यूब चालू.
टेबलावर नवा बोर्ड, तळहाताएवढा,
त्याच्या पोटात चार कोअर.
जुन्यात एकच होता. अकरा वर्षं
एकट्यानं शंभर टनांचा प्रेस वरखाली केला,
कधी कुरकुरला नाही.
ती चिप आता बाजारात मिळत नाही.

देशनूरकर शेठ म्हणतात, चार आहेत तर चारी वापरा,
ऑपरेटिंग सिस्टिम कुठली घ्यायची ते सोमवारी सांगा.

बेंगळुरूचा माणूस गुळगुळीत माहितीपत्रक ठेवून गेला:
एकच कर्नल, चारी कोअर त्याच्या हुकमात,
जिथं जागा रिकामी तिथं काम.
प्रतिसाद सरासरी चाळीस मायक्रोसेकंद.
लायसनचा आकडा शेठनी दोनदा वाचला,
मग चष्मा पुसला.
दुसरी फुकटची. अडलं तर
विचारायचं कुणाला, तर मलाच.

महिनाभर चालवून बघा, म्हणाला बेंगळुरूवाला.
बघितलं.
दस्तगीरनं बाजारातून गाजरं आणली, पोतं भरून,
प्रकाशाच्या पडद्यातून एकेक आत सारलं.
"थांबलं," दस्तगीर.
"निंतु," वहीत रेघ मारत इराप्पा.
थांबलं. निंतु. थांबलं. निंतु.
दुपारनंतर गाजर हवेच्या सिलिंडरला बांधलं,
ते आपलं आपण ये-जा करत राहिलं, चार दिवस.

एकतीस हजार दोनशे सातव्या वेळी
गाजर अर्धं झालं.
"अय्यो," दोघंही म्हणाले. एकदमच.

सरासरी तेव्हाही एकेचाळीस.
सरासरीत हात सापडत नाही कुणाचा.

रात्रभर नोंदी चाळल्या.
तिसऱ्या गेटाजवळ उसाची ट्रॉली आडवी,
ड्रायव्हर चहाला,
मागं रुग्णवाहिका भोंगा वाजवत उभी,
आणि बाजूनं मोटरसायकली खुशाल चाललेल्या:
आत अगदी तसंच झालं होतं.
कार्डावर नोंद लिहिणाऱ्या एका क्षुल्लक कामानं
कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून बसलं.
यावर औषध आहे. भोंगा तेवढ्यापुरता
ट्रॉलीलाच उसना द्यायचा, म्हणजे ती हलते.
पण मला तो रस्ताच एक नको होता.

म्हणून शून्य नंबरचा कोअर वेगळा काढला.
त्यावर फुकटची, इवलीशी,
जिचा सगळा कोड मी चार रात्रींत वाचून काढला.
काम एकच: पडदा तुटला की व्हॉल्व्ह बंद.
कुणाचं कुलूप नाही, कुणाची वाट नाही.
उरलेल्या तिघांवर काय बसवायचं ते बसवा.

स्क्रीनवर कन्नड वर घ्यायचं की मराठी,
यावर ऑफिसात दोन बैठका झाल्या, तिसरी शुक्रवारी.
तो वाद तिसऱ्या कोअरवर चालू दे,
त्याला उशीर झालेला चालतो.
शून्यावर अक्षर उमटत नाही कुठलंच.
तिथं नुसता हात आत येतो
किंवा येत नाही.

आता मोजणी पाच लाखांच्या पुढं गेली आहे.
सर्वांत वाईट वेळ: अकरा मायक्रोसेकंद.
हा आकडा मी लाल पेनानं लिहिला,
सरासरी काढलीच नाही.

दस्तगीर हात धुऊन आला, बोटांना गाजराचा वास.
म्हणाला, "झालं काय ओ, कंग्राळकर मॅडम?"
झालं म्हणवेना. पाच लाखाला थांबलं,
सहा लाखाचं कुणी पाहिलंय?
"अजून एक पोतं आण," म्हटलं.

सोमवारी शेठनी कागद शेवटपर्यंत वाचला,
मान हलवली, सही केली.
मग विचारलं, गाजरांचं बिल कुठल्या खात्यात टाकू?