पोकळी आधी

फळ्यावर मी लिहिलं होतं : कथानक.
त्याखाली पात्रं, त्याखाली स्थळ आणि काळ,
आणि 'संघर्ष' लिहिताना खडू तुटला.
उद्यमनगरातली रात्रशाळा. साडेआठ.
ट्यूबलाइट एक चालू, एक अजून विचारात.
पलीकडच्या शेडमध्ये ग्राइंडर ओरडत होता,
त्याला गप्प बस म्हणण्याइतकी
आमची शाळा मोठी नाही.

मागच्या बाकावरून इलाही शिकलगार म्हणाला,
"मॅडम, गोष्टीत पोकळी कुठं ठेवायची?"

वय चौतीस. नखांच्या कडेला काळी वाळू,
जी ईदच्या दिवशीही निघत नाही म्हणतो.

"आमच्यात पंपाची बॉडी वततात बघा.
पाणी जिथनं जायचं, ती जागा आधी करायला लागती.
वाळूचाच कोर. तेलात मळायचा, भाजायचा,
साच्यात मधोमध ठेवायचा, मग भवतीनं लोखंड.
गार झालं की हातोडीनं फोडून काढायचा.
गिऱ्हाइकाला त्यो कधी दिसत न्हाई.
पण नसला, तर नुसतं ढेकूळ की वो.
पाणी जाणार कुठनं?"

वर्ग हसला.
बावीस वर्षं मी शिकवतेय
सुरुवात, मध्य, शेवट,
आणि चार गुणांसाठी तात्पर्य.
पोकळीचा धडा कुठल्याच वर्षी नव्हता.

गृहपाठ दिला : पंधरा ओळींत गोष्ट.

रविवारी रस्सा गॅसवर ठेवून तपासायला बसले.
बाकीच्या वह्यांत राजा होता, प्रामाणिकपणा होता,
शेवटी बक्षीस.
इलाहीच्या वहीत
'एक मोल्डर होता. तिसरी पाळी होती. ऑगस्ट होता.'
छोटी वाक्यं, ठोकून बसवलेली.
'त्याच्या जोडीला वसंता. लॅडल वसंताच्या हातात.'
लॅडल हा शब्द आला
आणि पान उलटायच्या आधीच मला ते नको झालं.
पूर्वसूचना म्हणतात याला.
दोन गुणांचा प्रश्न.

सातवी ओळ :
'त्यानं वाळू मुठीत दाबून बघितली. ओली लागली.
तरी मी काय बोललो नाही.'

लाल पेन हातातच होतं.
तृतीयपुरुषी गोष्टीत 'मी' येत नाही,
आला तर गोल करायचा,
समासात लिहायचं : निवेदक बदलला.
दर वर्षी डझनभर वह्यांत मी हे लिहिते,
हात आपोआप जातो.

आठव्या ओळीपासून पुन्हा 'तो'.
लोखंड उसळलं.
वसंता ओरडला की नाही, ते लिहिलेलं नाही.
'छप्पर गळत होतं असं ठरलं. मालकांनी पत्रे बदलले.'

रस्सा खाली लागला.
पेनाचं टोपण मी लावलं, काढलं, परत लावलं.

सोमवारी वर्ग सुटल्यावर तो मागे राहिला,
बाकं भिंतीला सरकवत.
"किती पडले, मॅडम?"
"शेवट राहिलाय," मी म्हणाले.
मास्तरीण आहे, तेवढंच सुचलं.

त्यानं एक बाक लावलं. दुसरं उचललं, तसंच धरून ठेवलं.
"न्हाई राहिला. रोज सकाळी गेटावर असतोय की.
च्याचा गाडा हाय वसंताचा. डाव्या हातानं गाळतोय.
मला बघितलं की साखर
चमचाभर जास्तच टाकतोय.
त्याला कळलंय का काय,
ते मला सात वर्सं झाली तरी कळंना."

मग बाक खाली ठेवलं, आवाज न करता.
पलीकडचा ग्राइंडर बंद झाला होता,
कधी झाला कुणास ठाऊक.

वही अजून माझ्याकडे आहे.
गोल केलेला नाही. गुणही नाहीत.
पंधरा ओळी सांगितल्या होत्या,
मोजल्या,
चौदाच भरतात.