जामीन

विश्रामबागच्या शाखेत साहेब विचारतात,
"लॉ सोडलं? मग हप्ता कधीपासून?"
मी म्हणते, भूजलशास्त्राला प्रवेश घेतलाय,
शिक्षण चालूच आहे, मुदत वाढवा.
ते संगणकाकडे बघतात
जणू तिथंच न्यायाधीश बसलाय.

चार लाख बारा हजार.
त्यात पुण्याचं वसतिगृह, चार सत्रांची फी,
एक काळा कोट
आणि ती सरावाची केस, जिथं मी
बचाव पक्षाची असून गप्प राहिले.

जामीनदार नेमूकाका, मार्केट यार्डात तोलाईदार.
अर्जावरच्या सहीशेजारी
त्यांचं हळदीचं बोट अजून पिवळं आहे.
कोर्टात जामीन मिळाला की माणूस सुटतो,
बँकेत जामीन राहिला की अडकतो.
दोन वर्षांत एवढाच कायदा
मला नीट कळला.

संध्याकाळी त्यांना सांगायला गेले.
पोतं काट्यावर होतं, आकडा हलत होता.
"म्हणजे पाणी कुठं लागतं ते सांगणार?"
"कुठं लागत नाही, तेही."
काटा थिरावेपर्यंत ते बोलले नाहीत.
मग वहीत वजन लिहिता लिहिता म्हणाले,
"ते आधी सांगणारं कुणी भेटत नाही बघ."

कोट विकला. साडेसातशे आले.
व्याजात भरले.
पावतीवरचा शिक्का
अर्धाच उमटलाय.