पट्टा क्रमांक अकरा

आज अकरावा.
खडूनं आकडा घातला, तारीख घातली.
दहावा अजून खुंटीला लोंबतोय,
कडांचा भुगा झालेला, जळक्या रबराचा वास.
तुटेपर्यंत ताणू नये, असं लोक म्हणतात.
आम्हाला पगारच
तुटेपर्यंत ताणायचा.

डोरुस स्टिअरिंगवर, मी शेजारी वही घेऊन.
तीस वर्षं त्यानं दुधाचा ट्रक हाकला
हेल्माँडपासून बेल्जमच्या हद्दीपर्यंत.
अजून त्याचा डावा पाय
नसलेला क्लच दाबतो,
उजवा हात हवेत गिअर शोधतो
आणि ओशाळून मांडीवर येऊन बसतो.

कालव्याकाठचा रस्ता. धुकं. गाई.
मागच्या सीटच्या जागी वाळूची पोती.
तो पेडल दाबतो, इंजिन एक सूर पकडतं
आणि सोडतच नाही.
सूर तोच, वेग मात्र वाढतोय:
वीस, चौतीस, एकावन्न.
खाली दोन पुल्या,
एक मिटत जाते, दुसरी उघडत जाते,
पट्टा मधून सरकतो, वाटेत एकही पायरी नाही.

"मला नाही आवडत," डोरुस म्हणतो.
"दुसरा टाकला की पुलाचा चढ आला,
चौथा पडला की गाव मागं सुटलं.
आता काय, नुसतं वाहत जायचं.
आपण कुठं आहोत, ते कानाला कळत नाही."
मी लिहिते: एकसष्ट. हादरा नाही. चालक नाराज.

पुलाअलीकडे थांबलो.
वहीतली पुढची ओळ: उलट दिशा.
त्यानं दांडा मागं ओढला, मान वळवली, पेडल दाबलं.
पट्ट्याला काय त्याचं!
त्याला पुढचं ठाऊक नाही, मागचंही नाही.
एकवीस. चाळीस.
गाई परत आल्या, शेवटची आधी.
पोती माझ्या पाठीला येऊन भिडली.
सायकलवरचा पाद्री, मघाशी ज्याला मागं टाकलं,
एक पाय जमिनीला टेकून
छातीवर क्रूस काढतोय.
एकसष्ट.

आणि डोरुस हसतोय,
मान तशीच वाकडी, पिवळे दात सगळे बाहेर.
"विल्मीना, अगं, ट्रकला हे जन्मात जमलं नसतं!"

शेडमध्ये झाकण काढून हात लावला.
पट्टा कोमट. आतल्या कडेला
एक धागा सुटलेला.
एकच.
बोटानं दाबला, तो पुन्हा वर आला.
डोरुस हात पुसत माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिला.
मी धागा नोंदवला.

"उद्या," तो म्हणाला,
"आधी मागंच जायचं का?"