बोडीच्या पाळीवर

दप्तराविना शनिवार.
सातवीचे एकोणतीस, आठवीचे चोवीस,
आणि आम्ही दोघे मास्तर, पाळीच्या दोन टोकांना.
राघोर्ते सर आणि मी पोळ्यापासून बोलत नाही.
तांदळाच्या नोंदवहीतली एक ओळ होती.
सांगण्याजोगं काही नाही.

वरून कागद आला होता :
मुलांमध्ये सहकार्य, संवाद, विश्वास रुजवावा,
सोबत तीन फोटो जोडावेत.
विश्वासाचा फोटो कुठून काढायचा, ते लिहिलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, डोळे बांधा.
एकानं बांधायचे, दुसऱ्यानं न्यायचं,
एक झाड भेटवून आणायचं.
साल, गाठी, मुळं, वास.
मग परत आणून, गरगर फिरवून पट्टी सोडायची.
शोध आता तुझं झाड.

चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठ्यांना गावातलं काही ठाऊक नसतं.
खेमेश्वरी कापगते, लोमेश शहारे.
पोरं एकदम चूप.
दोघांच्या बांध्या लागून आहेत, आता लाखोळी उभी आहे त्यांत,
आणि पाण्याच्या एका वळणावरून
दोन घरं तहसिलीच्या तारखा करतात.
"मी नाही जात जी त्याच्यासंग."
"मले बी हौस नाही."
मी समजावलं नाही. कोणत्या तोंडानं समजावणार?
ओढणीची गाठ तेवढी नीट बसवली.

हात धरायचा नाही, एवढं दोघांचं लगेच ठरलं.
पळसाची एक काडी घेतली,
एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे.
"उजवीकडं. थांब. गोटा हाये."
बैलाला बोलावं तसा बोलत होता.
काडी दोनदा मोडली. दुसऱ्यांदा ती चिलाटीत गेली
आणि तो हसला.
ती खाली बसली. रडली असेल, पट्टीमुळे दिसलं नाही.
पण पट्टी काढली नाही तिनं.
मी दुरून पाहत होतो, शिट्टी तोंडात, वाजवायची की नाही.
तोही बसला मग.
बाहीतले काटे काढू लागला, मोजून,
"चार... पाच... हालू नको, अजून एक हाये."
पुढं काडी दिसली नाही.

तिकडे दुर्योधन उईके,
तीन वर्षांत "हजर"च्या पुढं न गेलेला पोरगा,
भेटेल त्याला झाडांची नावं गोंडीत सांगत सुटला होता.
मला पाच लिहिता आली. तो आठ म्हणतो.

सगळ्यांनी मोह निवडला, लोमेशनं जुना येन.
तिनं सालीवरून तळवा फिरवला.
"मगरीवानी लागते."
"तुनं मगर कुठं पायली?"
"पुस्तकात."
"मंग हात कवा लावला?"
पहिलं भांडण. फार बरं वाटलं मला.

शोधताना मात्र ती त्याच येनावरून दोनदा पुढं गेली.
त्यानं बोलायचं नव्हतं. ओठ चावत उभा.
शेवटी तिनं डोळे मिटले,
हात पुढं करून चालली, आणि सापडलं.

"सर, आता तुमी बी! तुमी दोघं!"
त्रेपन्न तोंडं. राघोर्ते सरांकडे पाहिलं,
त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.
बोटांना खर्र्याचा वास.
हात नाही, मनगट धरलं, नाडी पाहावी तसं.
चाळीस पावलं कुणी बोललं नाही.
बोडीवर बगळा उडाल्याचा आवाज आला, एवढंच.

अहवालात लिहिलं, उपक्रम यशस्वी. फोटो तीन.
कापगते-शहारेंची तारीख येत्या चौदाला आहे,
ती काही टळलेली नाही.

चाळीस पावलांनंतर सर म्हणाले,
"खड्डा हाये. पाय उचला."
पोरांनी नंतर सांगितलं, तिथं खड्डा नव्हताच.
मी मात्र उचलला होता. चांगला उंच.