शून्याखाली सही

सकाळचे सव्वासहा. उणे अकरा.
दुरान्कुलाकच्या बांधावर मी आणि माझा थर्मास.
शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला,
आता जानेवारीत रानहंस मोजते.

रीत सोपी आहे :
आधी दहा मोजायचे, नीट, एकेक.
त्या दहांचा आकार डोळ्यांत धरायचा
आणि तोच साचा आभाळावर ठेवत जायचं
शंभर, हजार, चार हजार.
चुकतं. सगळ्यांचंच चुकतं.
चूक दरवर्षी सारखीच करावी, एवढंच पथ्य.

पेन्कोला हे पटत नाही.
(माझ्याच वर्गातला. नकाशात काळा समुद्र हिरवा रंगवायचा.)
"माझा गहू कोण मोजणार, बाई?
सैबेरियातून उपाशी यायचं
आणि माझ्याच कोंबांवर पंगत मांडायची,
तांबड्या छातीचे भामटे!"
परवा ट्रॅक्टरवर उभं राहून त्यानं पातेलं बडवलं.
ते उठले, एक वळसा घेतला,
आणि त्याच्याच दुसऱ्या शेतात उतरले.

आज तळं गोठलंय, या काठापासून त्या काठापर्यंत.
सात. सव्वासात.
लव्हाळ्यांत नुसता वारा.
एक कोल्हा बर्फावरून चालत गेला,
मधोमध थांबला,
खाली वाकून कान लावला.
मग तोही गेला.

उजाडलं तेव्हा आभाळ कोरं.

पेन्को पायीच आला, टोपी कानांवर ओढून.
"आले नाहीत?"
"नाहीत."
"शहरातल्या बंदूकवाल्यांनी उडवले असतील."
"बंदी आहे."
"बंदी!" तो थुंकला.
मग बराच वेळ बुटानं बर्फ उकरत राहिला.
"मी फक्त पातेलं वाजवलं होतं," म्हणाला.

रकान्यात शून्य लिहिलं, पेन्सिलीनं; शाई थिजली होती.
खाली साक्षीदाराची जागा असते.
हजारो असतात तेव्हा कुणी विचारत नाही,
शून्याला मात्र साक्षीदार लागतो.
पेन्कोनं हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि सही केली,
गव्हाच्या पावतीवर करतो तशी,
सावकाश, पूर्ण नाव.

परत फिरलो, तर पूर्वेकडून,
समुद्राकडून, जिथं पाणी अजून पाणी आहे,
एक आवाज आला.
न वंगवलेली बिजागरी कुरकुरावी तसा.
मग दुसरी. मग कितीतरी दारं एकदम.
दिसत काहीच नव्हतं. धुकं.
त्यानं माझी बाही धरली.
"मोजा, बाई."
आवाज मोजता येत नाहीत रे,
कागदावर तसा रकानाच नाही.
"दहा मोजा," म्हणाला, "आधी दहा."