झिजलेला आकडा

हिल्केच्या कुरणात मी काठ्या रोवतो,
घरट्याच्या पाच पावलं अलीकडे एक, पाच पावलं पलीकडे एक,
म्हणजे ट्रॅक्टर मधलं गवत सोडून जाईल.
हिल्के पाटाच्या कडेला उभा, गालात राईच्या पावाचा तुकडा.
"शुक्रवारी ऊन आहे. शुक्रवारी कापणार."
मी म्हणतो, अजून नऊ दिवस.
अंडी पाण्यात तरंगवून पाहिली आहेत.
तो आभाळाकडे बघतो, मग माझ्या बुटांकडे.
"गवत म्हातारं झालं की गाय तोंड लावत नाही."
हा सूर मला पाठ आहे.
आमच्याकडे गवताच्या जागी भात असायचा
आणि बोलणारा माझा बाप.

इथे याला स्क्रीस म्हणतात.
प्राध्यापिका येल्त्येंनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"अन्सू, हा पाणटिवळा तू आधी पाहिलायस?"
हो, म्हणालो, लांबून.
खोटं नव्हतं.
गोफणीच्या टप्प्याइतकं लांब.

कासामान्समध्ये जुलैत खाचरात बी पडलं
की हे उतरायचे, शेकड्यांनी,
लांब चोची चिखलात खुपसत, आमचं वर्ष टिपत.
आम्ही पोरं राखणीला. डबे, हाकारे, मातीचे गोळे.
मी नऊ वर्षांचा, नेम चांगला.
जो पडला त्याच्या पायात कडं होतं,
धातूचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं.
आई म्हणाली, कुणाच्या तरी मालकीचा दिसतोय.
तोवर पाणी उकळलं होतं.
कडं दोऱ्यात ओवून सेनाबूच्या गळ्यात बांधलं.
तिला दात येत होते, अंगात ताप.
ताप उतरला, आणि त्या कड्याचा ताईत झाला.

गेल्या हिवाळ्यात ग्रोनिंगनला, चारलाच अंधार पडायचा तेव्हा,
माझ्यासमोर चौदा हजार ओळी होत्या:
कड्याचा क्रमांक, पिल्लाचं वजन, शेवटचं दर्शन.
जगण्याचा दर काढायचा होता. दोन आठवडे मी गणितात तोंड लपवलं.
मग झिगिंशोरला फोन लावला.
"सेनाबू, गळ्यातलं वाचून दाखव."
शिवणयंत्राची घरघर थांबली.
एकेक आकडा तिने उजेडाकडे धरून सांगितला.
"शेवटचा झिजलाय. तीन असेल, नाहीतर आठ."
सतरा वर्षं तिच्या कातडीने घासलेला आकडा.

आठवाला पुढच्या वसंतात स्पेनमध्ये दिसला होता,
भाताच्याच शेतात, एका पायावर उभा.
तीनवाल्याची ओळ:
पिल्लू, शहाण्णव ग्रॅम, पावसात पकडलं.
मग एकदा मोठा झालेला, जूनच्या शेवटी, थव्यात.
त्यापुढे काही नाही.

मृत्यूचं कारण विचारणारी एक यादी उघडते:
कोल्हा, ससाणा, गवत कापणी यंत्र, अज्ञात, इतर.
"अज्ञात"वर बोट बराच वेळ राहिलं.
इतर.
शेऱ्यात लिहिलं: गोफण. मुलगा, वय नऊ.
निरीक्षकाचं नाव: तेच.
येल्त्येंनी वाचलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही,
फक्त कॉफीचा दुसरा कप माझ्यासमोर ठेवला.

सेनाबू मात्र विचारत राहिली.
"काढून पाठवू का? त्यांचं आहे ना?"
मी म्हणालो, राहू दे.
आजही ठाऊक नाही, बरोबर म्हणालो का.

शुक्रवारी खरंच ऊन पडलं.
हिल्के ट्रॅक्टरवर चढता चढता थांबला.
"तुमच्याकडे खातात हे?"
"हो," म्हणालो. "सात जणांत एक."
मला वाटलं, आता काठ्या उपटून फेकील.
तो म्हणाला, "माझा बाप अंडी आणायचा यांची.
टोपीखाली, डोक्यावर ठेवून. पळताना एक फुटलं की
आई कपाळावरचा बलक पुसायची आणि शिव्या घालायची."
मग इंजिन सुरू झालं, बाकीचं ऐकू आलं नाही.

संध्याकाळी सगळं कुरण सपाट,
मधे अंथरुणाएवढं गवत उभं, थोडं वाकडं कापलेलं.
त्यातून एक मान वर आली, आमच्यावर ओरडली,
पुन्हा खाली गेली.
हिल्केने टोपी काढली,
आत डोकावून पाहिलं,
आणि परत घातली.