छाट

नाव मीच सांगितलं.
आशाताई वही उघडून दारात उभी,
खोकला कुणाला आहे, विचारलं,
आणि माझी मान नुसती
राजव्वा येमूलच्या खोलीकडे वळली.

अख्ख्या नीलमनगरचं आधीच ठरलेलं:
घशात काडी घालू द्यायची नाही.
एकाची निघाली की घरच्या घर उचलतात,
माग बंद, बिडी कारखान्यातलं कार्ड बंद,
आणि गेलेलं माणूस प्लास्टिकात,
तोंडसुद्धा बघू देत नाहीत.

गाडीत चढताना ती म्हणाली,
"तीस वर्षं तपासूनच घेतायत की मला.
हजारातल्या शंभर काढतो चेकर,
मोडतो माझ्यासमोर.
आज मीच छाट."

सुपात भिजवलेली पानं तशीच राहिली.
बोळाच्या तोंडाला पत्रे ठोकले.
नळावरची तिची घागर
कुणीतरी काठीनं ढकलली. मी पाहिलं.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलातून फोन यायचा.
वरण पाणी आहे नुसतं.
पंखा रात्रभर करकरतो.
बोटं ऐकत नाहीत गं,
पेपरचे तुकडे वळत बसते.
रिपोर्ट?
तो कुठं आलाय अजून.

पंधराव्या दिवशी
तिनं सूप माझ्या उंबऱ्यावर टेकवलं.
"बुरशी धरली सगळ्याला.
तुझ्यातली पन्नास पानं दे, शनिवारी फेडते."

नाव कुणी दिलं, विचारलं नाही.
मी मोजायला बसले,
आणि पन्नास झाल्यावरही
मान वर न करता
मोजतच राहिले.